भोसरीच्या काकांचं पत्र

स्वयंपाकावर लिहिणाऱ्या बाईनं कोणाचे आभार मानायचे, हे जवळजवळ ठरलेलं असतं. आई, सासूबाई, शेजारची एखादी सुगरण, लग्नात मिळालेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. हे सगळं देणं मलाही आहेच. पण ज्या माणसामुळे माझं लिखाण माझं राहिलं, त्यांनी मला एकही पदार्थ शिकवलेला नाही. भोसरी एमआयडीसीत त्यांचं छोटं प्रेस शॉप होतं. चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या मोठ्या व्हेंडरांकडून त्यांना जॉबवर्क मिळे. पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असलं. २०१४ सालच्या होळीआधी त्यांनी मला एक पत्र पाठवलं. नाव छापायचं नाही असं त्यांनी निक्षून सांगितलंय, म्हणून इथं ते नुसते काका.

ब्लॉग मी २००९ मध्ये सुरू केला. आम्ही चिंचवडला राहतो. यजमान चाकणच्या एका कारखान्यात. पहिल्या पाळीची बस पहाटे चौकात यायची; ती गेली की मुलं उठेपर्यंतचा वेळ माझा. माझं माहेर पिंपरीचं, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीतलं. १९५४ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली होती आणि आमच्या जिन्यावर चार प्रांतांच्या फोडण्यांचे वास एकत्र यायचे. पुढं आकुर्डी, भोसरी, चाकण वाढत गेलं तशी खानदेशातली, मराठवाड्यातली, विदर्भातली कुटुंबं येत राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरांत काय शिजतं, यावर मी लिहायची. कळण्याच्या भाकरीचं पीठ इथल्या गिरणीवाल्याकडून कसं दळून घ्यायचं, चाकणच्या बाजारातला कांदा किती दिवस टिकतो, चतुर्थीला मोरया गोसावींच्या देवळातून आल्यावर मोदकांची उकड किती मळायची. वाचणाऱ्या बायका थोड्या होत्या, पण मनापासून वाचायच्या. त्या सुमाराला वैदेही भावे यांचा 'चकली' ब्लॉग घरोघर उघडला जात होता आणि मधुरा बाचल यांनी यूट्यूबवर पाककृती दाखवायला नुकती सुरुवात केली होती. आपल्या भाषेत लिहिलेलं कोणीतरी सातासमुद्रापलीकडे शिजवून बघतं, याचा आनंद फार मोठा होता.

मग एजन्सींच्या मेल यायला लागल्या. 'डिअर ब्लॉगर' अशी सुरुवात, खाली इंग्रजीत चार परिच्छेद, सोबत जड चित्रं. ज्वारीच्या भाकरीवर लिहिणाऱ्या बाईला ऑलिव्ह तेलाचं निमंत्रण, तेही मुंबईच्या हॉटेलात, कामाच्या दिवशी दुपारी. आपण लिहिलेलं यांतल्या कोणीही वाचलेलं नाही, हे पहिल्या ओळीतच कळायचं. हा त्रास जगभरच्या लिहिणाऱ्यांना होता. 'वायर्ड' मासिकाचे संपादक ख्रिस अँडरसन यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये, सरसकट प्रसिद्धिपत्रकं धाडणाऱ्या शेकडो लोकांचे मेल पत्ते स्वतःच्या ब्लॉगवर उघड छापले आणि यांना मी बंद केलंय असं जाहीर करून टाकलं. त्यांचा संताप मला समजतो. मात्र तो पत्त्यांची यादी छापण्याच्या थराला जाऊ नये, असंही वाटतं. मेल पाठवणारी पोरंपोरी पगारी नोकर असतात.

भेटवस्तूंचा प्रश्न याहून अवघड. २००६ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट आणि एएमडी यांनी नवी व्हिस्टा प्रणाली घातलेले महागडे एसर फेरारी लॅपटॉप काही ब्लॉगरना पाठवले होते. गदारोळ झाल्यावर, लिहून झालं की परत करा किंवा कोणाला तरी देऊन टाका, असं त्यांना सांगावं लागलं. माझ्याकडे लॅपटॉप कोण पाठवणार. पण नॉनस्टिक तवे, मसाल्यांच्या पेट्या यायला लागल्या होत्या. त्यांचं काय करायचं हे सांगणारं आसपास कोणी नव्हतं. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटायचं आणि हो म्हटलं की लिहिताना हात आखडायचा.

अशात काकांची मेल आली. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'तुमच्या पुरणपोळीच्या लेखातल्या जाळीबद्दल'. मी ती उघडली नसती तर नवल. आदल्या वर्षी होळीच्या लेखात मी तक्रार केली होती की बाजारातल्या पुरणयंत्राची जाळी मध्ये बसते, पातं तिथं टेकत नाही आणि मधलं पुरण नुसतं गोल फिरत राहतं. ते वाक्य काकांनी वाचलं होतं. खरं तर त्यांच्या मुलीनं वाचून दाखवलं होतं. पत्र काकांनी वहीच्या कागदावर लिहिलं आणि तिनं ते देवनागरीत टंकून पाठवलं.

सप्रेम नमस्कार झाल्यावर पहिल्या ओळीत माझ्या लेखातली ती तक्रार होती. दुसऱ्या ओळीत ते कोण, कुठं, काय काम करतात. गाड्यांचा धंदा त्या काळात मंदावला होता, प्रेस दिवसच्या दिवस रिकामे राहत. त्या वेळात त्यांनी घरच्यांसाठी एक पुरणयंत्र करून पाहिलं होतं. मग किंमत. मग त्यांना काय हवं आहे ते: एकदा पुरण वाटून बघा आणि जे वाटेल ते लिहा. आवडलं नाही तर लिहू नका, फक्त मला कळवा म्हणजे सुधारता येईल. यंत्र परत घेऊन जायला माणूस येईल. एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या यंत्राची उणीव त्यांनी स्वतःच लिहिली होती. जाड पत्र्यामुळे ते बाजारच्या यंत्रापेक्षा जड झालंय, मनगट दुखणाऱ्या बाईला दांडा फिरवताना त्रास होईल. शेवटी फोन नंबर आणि एक ओळ: ताई, गुरुवारी आलात तर बरं, त्या दिवशी एमआयडीसी बंद असते, मशिनं थांबलेली असतात, बोललेलं ऐकू येतं.

पत्र जानेवारीच्या शेवटी आलं होतं आणि होळी मार्चच्या मध्यावर होती. हे मी मुद्दाम सांगते. लिहिणाऱ्या बाईला आधी करून बघावं लागतं, फोटो काढावे लागतात, बिघडलं तर पुन्हा करावं लागतं. आणि वाचणाऱ्या बाईला सणाआधी वस्तू घरात यायला हवी असते. एजन्सींच्या मेल सणाच्या चार दिवस आधी यायच्या. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाला डिलिव्हरीची तारीख रक्तात भिनलेली असते, म्हणून त्यांना हे न सांगता कळलं असावं.

गुरुवारी आम्ही दोघं गेलो. लांडेवाडीच्या पुढं, एका गल्लीत त्यांची शेड. काकांनी टेबलावर दोन जाळ्या ठेवल्या, एक बाजारची आणि एक त्यांची, आणि मला बोट फिरवायला सांगितलं. पंच ज्या बाजूनं पत्र्यात शिरतो ती बाजू गुळगुळीत राहते. जिकडून बाहेर पडतो तिकडं बारीक धार उरते. कारखान्यात तिला बर म्हणतात. स्वस्त यंत्रात ती धार कधी वर येते, कधी खाली, जोडणाऱ्यानं ते पाहिलेलंच नसतं. वर आली की डाळीचे कण तिथं अडकतात आणि घासूनही निघत नाहीत. शिवाय पातळ पत्र्याला जवळजवळ एवढी भोकं पाडली की पत्रा ताण धरतो आणि मध्ये खोलगट होतो. पातं सरळ, जाळी खोलगट. पुरण चेपलं जाणार कसं?

मग जाड पत्रा का नाही वापरत, असं मी विचारलं. त्यावर ते खुलले. भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी करायला गेलं की पंच मोडतो, आणि स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत तर आणखी जपावं लागतं. म्हणजे जाडी वाढवली की भोक मोठं करावं लागतं, आणि भोक मोठं झालं की पुरण भरड पडतं. या दोन्हींच्या मध्ये कुठं थांबायचं, यात त्यांचे बरेच पंच गेले होते. भोकं पाडल्यावर जाळी पुन्हा प्रेसखाली घालून सपाट केली होती, धार काढून ती बाजू खाली ठेवली होती. स्टील ३०४ ग्रेडचं, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं. स्वस्त भांड्यांत २०२ वापरतात, त्यात निकेल कमी असतं. हे सगळं ऐकताना मला जाणवलं की स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर मी इतकी वर्षं लिहीत होते, पण त्या करणाऱ्या माणसाशी असं कधी बोलले नव्हते. त्या दुपारनंतर माझ्या लेखांत वस्तू कोणी, कशी केली हे यायला लागलं. हे काकांचं पहिलं देणं.

घरी आणून पुरण घातलं. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवली, गुळात आटवली आणि गरम असतानाच यंत्रात घेतली, कारण गार झालं की ते हटून बसतं. जाळीबद्दल काकांनी लिहिलेला शब्दन् शब्द खरा निघाला. पण यंत्राचे पाय जवळजवळ होते. माझ्या पातेल्यावर ते नीट बसलं, सासूबाईंच्या रुंद परातीवर मात्र घसरलं. डावखुऱ्या माणसाला पातं उलटं फिरवावं लागतं आणि मग ते पुरण चेपत नाही, हेही जावेनं करून बघितल्यावर कळलं. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. किंमत बाजारापेक्षा जास्त आहे, हेही लिहिलं. लेख टाकायच्या आधी काकांना फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं: यंत्र मी बघायला दिलं होतं, हे लिहिलंत ना? ते राहिलं असेल तर आधी घाला.

यंत्र मला ठेवून घ्यायचं होतं. ते पैसे घेणार नाहीत असं मी धरून चालले होते, पण त्यांनी पूर्ण पैसे घेतले आणि बिल करून दिलं. म्हणाले, "फुकट दिलं, तर उद्या तुमचा लेख वाचणारी बाई म्हणेल, हिला मिळालंय म्हणून लिहितेय. त्यात तुमचंही नुकसान आणि माझंही." मी तो लेख पुढं अनेकदा उघडून बघितला. उणिवांची वाक्यं काढा, असं काकांनी कधी सुचवलंदेखील नाही. उलट काही आठवड्यांनी त्यांनी पायांमधलं अंतर वाढवून नवी तुकडी काढली आणि मला तळटीप जोडायला सांगितलं. कोल्हापूर, नाशिकहून मागण्या आल्या, परदेशी राहणाऱ्या लेकींसाठी आयांनी घेतली. धंदा फार मोठा झाला नाही. रिकाम्या प्रेसवर दोन माणसांचे पगार निघाले. काकांना तेवढंच हवं होतं.

पुढं एका एजन्सीनं माझ्या एका लेखातलं एक वाक्य वगळायला सांगितलं आणि त्याबदल्यात बरी रक्कम देऊ केली. आमच्या घरात तेव्हा पैशाची गरज होती. २०१९ ला चाकणचे कारखाने उत्पादन थांबवून सुट्ट्या जाहीर करत होते, ओव्हरटाइम बंद होता. तरी मला नाही म्हणायला वेळ लागला नाही. ज्याचं पोट त्या यंत्रावर होतं त्या माणसानं माझं वाक्य खोडायला सांगितलं नव्हतं. मग ज्यांचं काहीच अडत नव्हतं त्यांच्यासाठी मी का खोडावं? हे त्यांचं दुसरं देणं, आणि सगळ्यांत मोठं.

कायदा या गोष्टींपर्यंत उशिरा पोचला. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००९ अखेर नियम केला की ब्लॉगरनं वस्तू फुकट मिळाली असेल तर तसं सांगायचं. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१ पासून आली: पैसे असोत की भेट, जाहिरात आहे हे ठळक लिहायचं. १ जुलै २०२२ पासून आयकराचं १९४आर कलम लागू झालं; वर्षाला वीस हजारांवरच्या लाभावर देणाऱ्यानं दहा टक्के कर कापायचा, आणि वापरून परत केलेली वस्तू त्यात धरायची नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही सूचना काढल्या. फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. भोसरीच्या शेडमध्ये यातलं बरंचसं २०१४ साली पाळलं गेलं होतं, तेही कोणी न सांगता.

दरम्यान जग ब्लॉगवरून व्हिडिओकडे गेलं. जुलै २०१३ मध्ये गूगल रीडर बंद झालं तेव्हाच माझे निम्मे वाचक फेसबुककडे वळले होते. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पाठोपाठ इन्स्टाग्रामचे रील सुरू झाले. त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, सगळ्यांची 'आपली आजी', नातवाच्या मदतीनं यूट्यूबवर घराघरांत पोचल्या. लिहिणारी मी मागं पडले असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. पण इतरांना मदत करायची तर हे नवं जग समजून घ्यावं लागलं.

कारण पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत भेटलेल्या बचत गटांच्या बायका मला विचारायला लागल्या. ताई, आमच्या काळ्या मसाल्याचं कोणी रील करत नाही. आम्ही सगळ्यांना मेसेज टाकला, उत्तर नाही. मेसेज बघितला की कारण दिसायचं: एकच मजकूर चाळीस जणांना, वर देवाचा फोटो, खाली 'प्रमोशन कराल का'. मी त्यांना काकांचं पत्र वाचून दाखवते. काकांची परवानगी आहे. मग आम्ही बसून एकेकीसाठी एकच माणूस निवडतो. तो काय करतो ते आधी बघायचं. जो रोज मटणाचा रस्सा दाखवतो त्याला उपासाचं पीठ पाठवून काय उपयोग? त्याचा कुठला व्हिडिओ आवडला आणि त्यात आपला मसाला कुठं बसेल, हे पहिल्या दोन ओळींत यायला हवं. नंतर आपण कोण, दर काय, पोचवणार कसं. पैसे देता येणार नसतील तर तसं स्पष्ट लिहायचं आणि देता येत असतील तर आकडा लिहायचा. 'बघू, करू' यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. फोटो ओट्यावर, दिवसाच्या उजेडात, पाकिटाचा आणि आतल्या मसाल्याचाही. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करायची आणि मग सोडून द्यायचं.

सगळ्यांत अडतं ते उणीव लिहिण्यापाशी. एक मावशी म्हणाल्या, आपल्याच मालाला आपणच नावं ठेवायची? त्यांच्या मसाल्यात मीठ नव्हतं, म्हणून तो जास्त दिवस ठेवला की गाठी धरायचा. मी म्हटलं, हेच लिहा, आणि बरणी कोरडी ठेवायला सांगा. त्यांनी लिहिलं. चाकणकडच्या एका मुलीनं, जी कामगार वस्तीतल्या डब्यांवर व्हिडिओ करते, त्याच ओळीमुळे त्यांना फोन केला. जी बाई गाठी होतात असं आधीच सांगते, तिच्या मसाल्यात भुसा नसणार, असं तिला वाटलं. सगळ्याच वेळी असं होत नाही. पुष्कळ मेसेज तसेच पडून राहतात.

काकांनी आता प्रेस मुलाकडे सोपवलेत. मुलगा लेझर कटिंग करतो, पुरणयंत्रं त्यानं बंद केली. माझी त्याबद्दल तक्रार नाही, त्याचा धंदा त्याला कळतो. जुनी यंत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांना जाळी मात्र तो बदलून देतो, ही काकांची अट होती.

आता एक विनंती, ती या पट्ट्यात लिहिणाऱ्या आणि व्हिडिओ करणाऱ्या सगळ्यांना. तुमच्याकडे रोज पन्नास मेसेज येतात हे मला माहीत आहे, आणि त्यांतले पंचेचाळीस न वाचता पुसून टाकण्याच्याच लायकीचे असतात. पण ज्यानं तुमचं काम खरोखर बघितलंय, ज्यानं स्वतःच्या हातानं वस्तू केलीय आणि तिची उणीव लपवलेली नाही, त्याला उत्तर द्या. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, कारण एका ओळीत सांगा. तेवढ्यावरही त्याला पुढची वस्तू सुधारता येते.